वखारीच्या भिंतीवरचा डाग

एकदा एक म्हातारा होता आणि त्याचा धंदा जगावेगळा होता. तो भिंती धुवायचा. कपडे धुणारे पुष्कळ असतात, भांडी घासणारेही असतात. पण धुराने काळवंडलेल्या भिंती, शेवाळलेले दगडी चौथरे आणि तेलकट फरश्या ज्याच्या हाताखाली पुन्हा आपला मूळ रंग दाखवू लागतात, असा माणूस त्या पंचक्रोशीत तो एकटाच. त्याच्यापाशी जोराने पाणी मारणारे एक जुने यंत्र होते. दोन चाकांचे, पेट्रोलवर चालणारे. त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला बंदुकीसारखी मूठ. लोक यंत्राला मशीन म्हणत, मुठीला गन म्हणत आणि म्हाताऱ्याला आबा म्हणत.

आबांच्या हाताखाली केरबा नावाचा शिष्य होता. मिसरूड फुटण्याच्या वयात तो आला आणि आता त्याच्या कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस दिसू लागला होता. आबा बोलत कमी. केरबा त्यांच्या हाताकडे पाहत राही, चुकत राही, आणि चुकलेले मनात ठेवून पुढच्या वेळी सुधारी. त्याचा हात असा बसला होता, की गन धरली म्हणजे पाण्याची धार भिंतीवरून ओळंबा लावल्यासारखी सरळ फिरे. आबांनंतर हे मशीन आपल्याकडेच येणार, हे त्याने इतके गृहीत धरले होते की घराशेजारच्या छपरात त्याने त्यासाठी जागाही मोकळी करून ठेवली होती. बायकोने विचारले, तर तो म्हणाला होता, "दिवाळीनंतर बघ, मशीन आपल्या दारात असंल."

त्याच वर्षी चैत्रात मालन आली.

मालन पूर्वी एका गुऱ्हाळावर काहिली धुवायची. उसाचा रस ज्या प्रचंड कढयांत आटवतात त्या या काहिली. त्यांच्या काठाला जळून चिकटलेला गूळ काढणे हे तिचे काम. गुऱ्हाळ बंद पडले आणि ती आबांच्या दारात येऊन उभी राहिली. "धुण्याचं काम करत आलेय. काहील काय आणि भिंत काय," एवढेच ती म्हणाली. आबा हसले आणि तिला त्यांनी ठेवून घेतले.

केरबाला तिचे येणे खटकले नाही. खटकले ते दुसरेच. मालन विचारायची, आणि आबा सांगायचे.

"आबा, पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला हे फडकं कशाला बांधायचं?"

"पिंपातली रेती पंपात गेली तर पंप कण्हायला लागतो. नवा पंप घ्यायचा का जुन्या धोतराची चिंधी बांधायची, तूच सांग."

"आणि साबण खालनं वर का लावता?"

"वरनं लावला की ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात. त्या रेघा मग काही केल्या जात नाहीत. लावायचा खालनं वर, धुवायचा वरनं खाली."

"उन्हाच्या बाजूला आधी का नाही घ्यायचं?"

"उन्हात साबण वाळतो. वाळलेला साबण मळाला सोडवत नाही बाई, मळाच्याच गळ्यात गळा घालून बसतो."

केरबा नळी गुंडाळता गुंडाळता हे ऐकत असे. त्या चिंधीची किंमत त्याने एक अख्खा पंप बिघडवून ओळखली होती. ओघळांच्या रेघा त्याने एका देवळाच्या ओवरीवर पाडल्या होत्या आणि पुजाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. जे मिळवायला त्याला उन्हाळे-पावसाळे लागले, ते हिला उभ्या उभ्या, पानात वाढल्यासारखे मिळत होते. तिला काही जमले की आबा मान डोलवत. ती मान डोलली की केरबाच्या छातीत कुठेतरी कुसळ शिरल्यासारखे होई. रात्री जेवताना घास हातात धरून तो बसे. बायको विचारी, "मीठ कमी झालं का?" तो म्हणे, "नाही. मीठ बरोबर आहे."

असूया ही मोठी कष्टाळू असते. ती माणसाला झोपू देत नाही, बसू देत नाही, आणि दुसऱ्याच्या प्रत्येक हालचालीची निगराणी करायला लावते. केरबा आता आपल्या धारेकडे कमी आणि मालनकडे अधिक पाहू लागला होता. तिने झाडू आधी मारला, की त्याला वाटे हे आबांना दाखवण्यासाठीच. ती हसली, की आपल्यालाच हसली. ती गप्प बसली, तर मनातल्या मनात काहीतरी शिजवते आहे.

अशात दिवाळी आली. त्या गावचा व्यापार गुळाचा. पाडव्याच्या सकाळी नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा होतो. बाहेरगावचे व्यापारी येतात, गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, हार घातले जातात आणि वर्षाचा पहिला भाव पुकारला जातो. त्यातला सर्वांत जुना आणि मोठा व्यापारी, ज्याला सगळे नुसते शेठजी म्हणत, त्याच्या वखारीच्या अंगणात हा सौदा भरायचा. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन. त्या दिवशी दिवेलागणीच्या आत अंगण लखलखीत झाले पाहिजे, असा शेठजींचा दरवर्षीचा हुकूम असे, आणि ते काम दरवर्षी आबांचे.

यंदा आबा मशीनपाशी आले, त्यांनी मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. बोटांना आता मुंग्या येत.

"माझं हे शेवटचं अंगण," ते म्हणाले. "उद्या सौदा झाला की मशीन आणि या बाजारपेठेचं काम तुमच्यातल्या एकाच्या हवाली करणार. अंगण दोघांनी निम्मं निम्मं धुवा. वरची बाजू केरबाची, खालची मालनची."

केरबाच्या कानात 'एकाच्या' हा शब्द घणासारखा वाजला. म्हणजे अजून ठरलेले नव्हते!

"मशीन एकच आहे आबा," तो म्हणाला. "आधी कुणी घ्यायचं?"

"तू म्हणशील तसं."

"मग आधी मी घेतो."

"घ्या की केरबादादा," मालन म्हणाली. "मला आत्ता त्याची गरजच नाही."

हेही त्याला बोचले. गरज नाही म्हणते!

शेठजींचे अंगण म्हणजे शहाबादी फरशीचा मोठा चौक. वखारीच्या दारापासून रस्त्याकडच्या गटारापर्यंत त्याला हलका उतार होता. वर्षभर गुळाच्या ढेपा उतरायच्या, उन्हाने त्यांतून काकवी पाझरायची, तिच्यावर धूळ बसायची, पुन्हा काकवी, पुन्हा धूळ. असा डांबरासारखा काळा थर फरशीवर चढलेला. केरबाने मशीन सुरू केले आणि थेट त्या थरावर धार सोडली. थर हलेना. त्याने बारीक धारेचे तोंड लावले आणि गन फरशीच्या अगदी जवळ नेली. आता काळ्या चिंध्या उडू लागल्या. त्याचा चेहरा, सदरा, टोपी सगळे चिकट शिंतोड्यांनी भरले.

मालनने आधी कोरडा खराटा घेऊन आपली बाजू झाडली. पोत्याचे दोरे, गुळाचा चुरा, वाळलेला पाला असे कितीतरी पाट्यांनी उचलून टाकले. मग वखारीच्या मागून फाटकी गोणपाटे आणली, हौदात बुचकळली आणि फरशीवर शेजारी शेजारी अंथरली. त्यावर बादलीने पाणी शिंपून ती सावलीत जाऊन पोती शिवणाऱ्या बायकांशी बोलत बसली.

आबा कडुनिंबाखाली बसले होते. त्यांनी विचारले, "हे पोत्यांचं मी तर शिकवलं नव्हतं."

"काहिलीला असंच करायचो की," मालन म्हणाली. "करपलेल्या गुळाशी मारामारी कोण करतंय? ओलं पोतं टाकायचं आणि आपण चहा प्यायचा. गूळच तो, पाणी दिसलं की विरघळतो. आपलं काम एवढंच, की पाणी वाळू द्यायचं नाही."

आबांनी मान डोलवली.

केरबाने ते पाहिले. मशीनच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत, पण मान दिसली. त्याने गन आणखी जवळ नेली, आणि एका फरशीचा पापुद्रा टवका उडावा तसा उडाला. खाली पांढरा ओरखडा.

"केरबा," आबांनी हाक मारली, "फरशी धुतोयस का सोलतोयस?"

पोती शिवणाऱ्या बायका खो खो हसल्या. मालनही हसली. केरबाने ओठ आवळले.

ऊन वर आले तेव्हा त्याची निम्मी बाजूही झाली नव्हती. पेट्रोल मात्र त्याने दोनदा भरले होते. मशीन थांबवून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याच वेळी त्याला ते दिसले. त्याच्या फरशीवरून उतरलेले पाणी कुठे वाया जात नव्हते. उताराने वाहत ते थेट मालनच्या गोणपाटांखाली शिरत होते आणि तिची बाजू भिजवत होते. मी राबायचे, माझ्या घामाचे पाणी, आणि त्याने हिची फरशी मऊ व्हायची! इतके दिवस सलणाऱ्या कुसळाला जणू आज टोक फुटले.

मालन बायकांबरोबर भाकरी खायला वखारीमागे गेली. आबांनी डोळे मिटले होते. केरबाने इकडेतिकडे पाहिले. मग त्याने खराट्याने चिखलाचा एक बांध घातला, पाण्याला बाजूच्या गटाराची वाट करून दिली, आणि मालनची गोणपाटे एकेक करून ओढून बाजूला रचून ठेवली. आश्विनातले ऊन. दगड तापलेला. मऊ पडत आलेला थर पाहता पाहता पुन्हा आक्रसू लागला, चकाकू लागला, कडक झाला. केरबाला वाटले होते आपल्याला बरे वाटेल. क्षणभर वाटलेही.

मालन परत आली. तिने फरशीकडे पाहिले, पोत्यांकडे पाहिले.

"केरबादादा, वारा सुटला होता का हो?"

"मला काय माहीत? मी काय तुझ्या पोत्यांची राखण करायला बसलोय?"

"नाही, ओली पोती उडाली म्हणजे वारा जबरच असणार. तुमची टोपी बरी राहिली डोक्यावर!"

एवढे बोलून ती वळली. बादली उचलून हौदाकडे गेली. पण तिचा चेहरा उतरला होता. सूर्य कलायला लागला होता आणि दिवेलागणीपर्यंत तिची बाजू आता निघणे कठीण होते.

तेव्हा आबा उठले. ते केरबापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. "गन दे."

केरबाला वाटले, आता बोलणार. सगळ्यांसमक्ष आपली अब्रू जाणार. पण आबांनी नुसती गन घेतली. ते मशीन ढकलत रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेले. ही वखारीची बाहेरची भिंत, चुन्याच्या गिलाव्याची, लांबच लांब. ती धुवायला कुणी सांगितलेले नव्हते. कुणी कधी तिच्याकडे पाहतही नसे. आबांनी बारीक तोंड काढून रुंद धारेचे लावले, चार हात मागे सरकून उभे राहिले, आणि भिंतीच्या बरोबर मधोमध एक चौकोन धुतला. पाटाएवढा. सावकाश, चारही कडा सरळ धरून. मग मशीन बंद केले, गन दाबून नळीत अडकलेले पाणी सोडून दिले, आणि ते पुन्हा कडुनिंबाखाली येऊन बसले.

केरबा चक्रावला. एकेक घटका मोलाची, दोघांची कामे अर्धवट, आणि आबांनी मशीन नेऊन भलतीच भिंत ओली केली! तीही पाटाएवढी! म्हातारपणी माणसाला असे होते काय?

तेवढ्यात पोती शिवणारी एक बाई तिकडून गेली आणि थबकली. "अगं बाई! भिंत केवढी काळी झालीय ही!"

दुसरी म्हणाली, "काल तर बरी होती की."

डोक्यावर ओझे घेऊन जाणारा हमाल ओझ्यासकट उभा राहिला. "शेठजींनी भट्टी लावली का काय हितं?"

गलका ऐकून शेठजी स्वतः धोतर सावरत बाहेर आले. त्यांनी भिंत पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ही भिंत कुणी घाण केली?"

"कुणीच नाही शेठजी," आबा म्हणाले.

"मग ही अशी काळीकुट्ट कशी दिसते? उद्या बाहेरगावचे व्यापारी येणार. काय म्हणतील? सकाळी मी इथूनच आलो, तेव्हा चांगली होती!" मग त्यांची नजर त्या पांढऱ्या चौकोनावर स्थिरावली. "हां! हा डाग! या डागामुळे हे सगळं झालंय. आबा, आधी तो डाग घालवा."

"कसा घालवू?"

"कसाही घालवा! चिखल फासा. पण भिंत सारखी करा."

आबांनी केरबाकडे पाहिले. "ऐकलंस ना? शेठजींचा हुकूम आहे. घे गटारातला चिखल आणि फास."

केरबा वाकला. त्याने ओंजळभर काळा गाळ उचलला आणि भिंतीकडे गेला. चौकोनाचा चुना नुकत्याच न्हालेल्या लेकराच्या अंगासारखा स्वच्छ, ओलसर दिसत होता. केरबाने हात उचलून एक फटकारा ओढला. चिखल ओल्या चुन्यावरून घसरला, ओघळ होऊन खाली उतरला, आणि चौकोनाखालची भिंतही बरबटली. चौकोन तरीही लपेना. उलट तो आता दुरूनही नजरेत भरू लागला. केरबाने दुसरी ओंजळ उचलली. ती उचलताना त्याला आपला हात दिसला, कोपरापर्यंत काळा. हाच हात दुपारी गोणपाटे ओढत होता.

ओंजळ तशीच खाली सुटली.

"शेठजी," आबा म्हणाले, "आज आत पूजेचं बघा. सौदा झाला की सगळी भिंत या चौकोनासारखी करून देतो. हा नमुना समजा. कोणती धार, किती लांबून, चुना टिकतो का निघतो, हे आधी एवढ्याशा जागेवर बघून घ्यायचं असतं. म्हणजे पुढं नुकसान होत नाही आणि गिऱ्हाइकाशी वादही होत नाही."

शेठजी कुरकुरत आत गेले. बायका पांगल्या. आबांनी केरबाला खुणेने जवळ बसवले.

"केरबा, सकाळी त्या भिंतीवर जेवढी काजळी होती, तेवढीच आत्ता आहे का जास्त?"

"तेवढीच."

"मग सगळ्यांना ती आजच का टोचली?"

केरबाने त्या चौकोनाकडे पाहिले.

"मालन आली, तेव्हा तुझ्या अंगावर कुठलाही मळ चढला नाही बाबा. तुझा हात कालही चांगला होता, आजही आहे. असं सरळ पाणी मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिच्याकडं मी मान डोलवली ती तुझ्या वाट्याची काढून दिली नव्हती. तुझ्या शेजारी एक चौकोन उजळला, आणि तुला तुझी न धुतलेली जागा दिसली, एवढंच घडलं. तुला वाटलं, तो चौकोनच डाग आहे. शेठजींनाही तेच वाटलं. अशा वेळी माणसाच्या हाती दोनच कामं असतात. चिखल फासायचा, नाहीतर त्या चौकोनाच्या कडेला कड लावून पुढं धुवायला लागायचं. पहिल्या कामात हात काळे होतात आणि भिंत होती त्याहून वाईट दिसते. तू आत्ता पाहिलंस."

केरबाने ते ऐकून घेतले. तरी आतली तक्रार बाहेर पडलीच. "पण आबा, मला तुम्ही कधी तोंडानं सांगितलं नाही. तिला सगळं सांगता."

"तिनं विचारलं. तू कधी विचारलंस? तू मानी. तुला वाटायचं, विचारलं तर आपण कमी ठरू. मला वाटायचं, न विचारणाऱ्याला सांगितलं तर तो दुखावेल. दोघं गप्प राहिलो." आबांनी गटाराकडे बोट केले. "आणि ते पाणी, केरबा. तुझ्या फरशीवरून उतरलेलं पाणी तुझ्या कोणत्या कामाचं उरलं होतं? जाता जाता ते दुसऱ्याची फरशी भिजवत होतं. तू ते गटारात सोडलंस. तुझ्या पिंपात त्यानं एक थेंब तरी वाढला का?"

केरबा उठला. हौदावर जाऊन त्याने हात धुतले. मालन तिथे पाणी भरत होती.

"मालन," तो म्हणाला. "पोती मी ओढली."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"पोत्यांनीच. वाऱ्यानं उडालेली पोती कुणी घडी घालून, कडेला कड जुळवून रचून ठेवतं का? एवढ्या रागातसुद्धा तुम्ही ती नीट लावून ठेवलीत केरबादादा. आबांची शिस्त काही सुटत नाही तुमची!"

केरबाला हसू आले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले. त्याने दोन्ही लपवायला तोंडावर पाण्याचा हबका मारला.

मग कामाला खरा वेग आला. केरबाने आपला बांध मोडला. गोणपाटे पुन्हा भिजवून दोघांनी ती मालनच्या बाजूवर पसरली आणि उरलेली केरबाच्या राहिलेल्या तुकड्यावरही टाकली. वखारीच्या सावलीने अंगण झाकेपर्यंत त्यांनी थराला भिजू दिले. तेवढा वेळ केरबा न कुरकुरता बसला. आयुष्यात पहिल्यांदा काम न करता बसण्याची त्याला भीती वाटली नाही. नंतर त्याने रुंद तोंड लावले, वरच्या कडेपासून धार धरली आणि ओळीओळीने खाली उतरत आला. मालन त्याच्या पुढे पुढे पोती उचलत गेली. सकाळी ज्या थराशी तो झटापट करत होता, तो आता ओल्या कागदासारखा सुटून पाण्याबरोबर वाहू लागला. वरचे पाणी खालचा थर सैल करत होते. कुणाची बाजू कुठे संपते आणि कुणाची कुठे सुरू होते, हे फरशीला कळत नव्हते. थोड्या वेळाने त्या दोघांनाही कळेनासे झाले.

दाराशी पहिली पणती लागली, तेव्हा अंगण निळसर, स्वच्छ, ओले होऊन चमकत होते.

दुसऱ्या दिवशी सौदा झाला. भाव पुकारला गेला, पेढे वाटले गेले, व्यापाऱ्यांच्या गाड्या निघून गेल्या. आबा मशीनपाशी उभे राहिले. शेठजीही होते.

"केरबा," आबा म्हणाले, "कुणाला देऊ? तू सांग."

केरबाने मान वर केली. त्याला अशी अपेक्षा नव्हती. मनाने तत्काळ उत्तर दिले, मला! मागून बायकोला दिलेला शब्द उभा राहिला, एवढ्या वर्षांची मेहनत उभी राहिली. त्याने तोंड उघडले. पण हात मशीनवर ठेवायच्या आधी माणसाने काय पाहिले पाहिजे, हे काल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. आपण धार चालवतो. मालन मळ ओळखते. ज्याला मळ ओळखता येतो त्याला धार शिकवता येईल. ज्याला नुसती धार येते तो फरशी सोलत बसेल.

"मालनला द्या," तो म्हणाला.

मालनच्या हातातला पेढा तसाच राहिला. आबांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुखलं?"

"दुखलं की. अजून दुखतंय."

"दुखू दे. दुखत असताना खरं बोललास, मला तेवढं पुरे आहे."

आणि ते खरेच होते. असूया काही एका रात्रीत धुऊन निघाली नव्हती. ती तिथेच होती, छातीच्या त्याच कोपऱ्यात. फरक एवढाच, की केरबा आता तिला ओळखत होता.

ठरल्याप्रमाणे भिंत धुवायला मालनने मशीन सुरू केले. ते धापा टाकल्यासारखे थरथरले आणि पाणी तुटक तुटक येऊ लागले. तिने दोनदा बंद केले, दोनदा चालू केले. आबा पुढे झाले नाहीत. मालनने वळून पाहिले.

"केरबादादा, हे असं का करतंय?"

या आवाजाचे कारण त्या अंगणात फक्त केरबाला ठाऊक होते. आबांनाही नव्हते, तो शोध त्याने एकट्याने लावला होता आणि कुणालाही सांगितला नव्हता. आपल्यावाचून मशीनचे अडावे, असे आपल्यापाशी काहीतरी असू द्यावे म्हणून. तो क्षणभर थांबला. मग तिच्याशेजारी जाऊन उकिडवा बसला.

"आधी डोळे मीट आणि आवाज ऐक," तो म्हणाला. "मध्ये मध्ये फुरफुर ऐकू येतेय? पाण्याबरोबर हवा आत जातेय. कुठनं जातेय ते डोळ्याला दिसत नाही. पाणी ओढणाऱ्या नळीच्या जोडावर साबणाचा फेस लाव आणि मशीन चालू कर. जिथं फेस आत ओढला जातो, तिथंच फट. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापायची, ताणून गच्च गुंडाळायची. दुकानात न्यायची गरज नाही आणि दिवसही मोडत नाही."

"आणि पट्टी सुटली तर?"

"सुटू नये म्हणून शेवटचा वेढा उलटा द्यायचा. हा बघ असा. आता तू दे."

तिने वेढा दिला. केरबाने तो ओढून पाहिला. "घट्ट आहे. आणखी काय विचारायचं असेल तर विचार." मशीन एकसुरात चालू लागले. त्याने गन उचलून तिच्या हातात दिली आणि स्वतः नळी सोडवायला मागे गेला.

शेजारी कुणी उजळले की आपण ओंजळीत काय उचलतो, एवढे ज्याचे त्याने पाहावे.